हरलेला जोडीदार : लिंडन जॉन्सन

लिंडन बेन्स जॉन्सन हे नाव आमच्या मजल्यावर विचारून बघितलं. तिघींनी बेबी पावडर सांगितली, एकीने ऑलिंपिकमधला धावपटू सांगितला (तो बेन जॉन्सन!). अमेरिकेचे छत्तिसावे राष्ट्राध्यक्ष असं कुणीच सांगितलं नाही. केनेडी मात्र सगळ्यांना माहीत. तेव्हाच ठरवलं, या वर्षी मराठी विभागासाठी लिहायचं ते यांच्यावरच. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे भाषा थोडी इकडची तिकडची वाटेल. सांभाळून घ्यालच.)

निमित्त झालं मेसचं. मेस सेक्रेटरीच्या निवडणुकीला दोघी उभ्या होत्या. जिंकलेलीने हरलेलीलाच जॉइंट सेक्रेटरी म्हणून घ्यावं की नाही, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालले. एक गट म्हणे घ्या, तिच्या विंगच्या मुली तरी गप्प बसतील. दुसरा म्हणे छे, ती उद्या डोक्यावर मिऱ्या वाटेल. अमेरिकेत हाच प्रश्न दर चार वर्षांनी येतो. तिथे आधी पक्षातल्या पक्षात लढाई होते, राज्याराज्यांतून प्रायमरी निवडणुका होतात. जो जिंकतो तो पक्षाचा उमेदवार होतो आणि उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडतो. मतदार या जोडीला मिळून एकच मत देतो. मग काल ज्याच्याशी भांडलो त्यालाच आज शेजारी उभं करायचं का? जॉन्सन या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. एकदा निवडला गेलेला हरलेला म्हणून, आणि एकदा निवडणारा म्हणून.

जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा, टेक्सासमधल्या स्टोनवॉलजवळ, पेडर्नालेस नदीच्या काठी. भाग कोरडा, खडकाळ. वर्णन वाचताना मला आपला माण-खटाव आठवला. वडील राज्याच्या विधिमंडळात होते, पण कापसाच्या शेतीत हात पोळले आणि घर कर्जात बुडालं. ज्या गावात मान होता तिथेच लोक तोंड फिरवायला लागले. पोराच्या मनावर हे कायमचं कोरलं गेलं असणार, कारण पुढे आयुष्यभर हरण्याची त्याला विलक्षण भीती वाटत राहिली. शाळा संपल्यावर त्याने रस्त्याच्या कामावर मजुरीही केली. मग सॅन मार्कोसच्या टीचर्स कॉलेजात गेला. तिथे पैसे संपले म्हणून मध्येच १९२८ मध्ये कोटुला नावाच्या गावी शिक्षकाची नोकरी धरली. शाळा मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची. मुलं उपाशी पोटी वर्गात यायची. ही मुलं जॉन्सन कधीच विसरले नाहीत.

१९३७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. त्यानंतरची एक गोष्ट आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी मुद्दाम सांगते. त्यांच्या डोंगराळ भागात वीज नव्हती. बायका विहिरीतून पाणी शेंदत, चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने कपडे करत. वीज कंपन्या म्हणत, घरं लांब लांब आहेत, लाइन टाकणं परवडत नाही. सरकारी कर्ज हवं तर दर मैलाला किमान तीन ग्राहक दाखवा, असा नियम होता. जॉन्सन थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना जाऊन भेटले, नियम शिथिल करून घेतला, आणि १९३९ मध्ये पेडर्नालेस सहकारी संस्थेच्या तारांमधून त्या घरांत दिवे लागले. हा माणूस कसा होता ते यातून कळतं. नियम आडवा आला की नियम करणाऱ्याला गाठायचं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९४१ मध्ये सिनेटची निवडणूक ते १३११ मतांनी हरले. १९४८ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि पक्षांतर्गत फेरीत जिंकले, किती मतांनी? ८७! जवळजवळ दहा लाख मतांपैकी. मतदान होऊन काही दिवस उलटल्यावर ॲलिस गावच्या तेरा नंबरच्या पेटीत जॉन्सन यांची आणखी दोनशे मतं निघाली. ज्यांनी ती यादी पाहिली त्यांनी सांगितलं की ती नावं एकाच शाईत आणि चक्क अकारविल्हे होती. मतदार हजेरीपटाच्या क्रमाने रांगेत उभे राहिले असतील तर माहीत नाही! कोर्टकचेऱ्या झाल्या, जागा टिकली.

सिनेटमध्ये मात्र त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. १९५५ मध्ये ते बहुमताच्या पक्षाचे नेते झाले. कुणाला काय हवं, कोण कशाला घाबरतो, सगळं पाठ. सहा फुटांहून उंच माणूस, समोरच्याच्या अंगावर वाकून, त्याच्या कोटाची कॉलर धरून बोलायचा. समोरचा मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचा आणि हो म्हणायचा. त्याच वर्षी, दिवसाला साठ सिगरेटी ओढणाऱ्या या माणसाला हृदयविकाराचा मोठा झटका आला. तेव्हा वय सेहेचाळीस.

आता १९६०. डेमोक्रॅटिक पक्षातून जॉन केनेडी मैदानात होते. वय ४३, म्हणजे जॉन्सनपेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि सिनेटमध्ये त्यांच्या हाताखालचेच. केनेडी गावोगाव फिरले, विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रायमरीत ह्यूबर्ट हम्फ्री यांना हरवलं. जॉन्सन एकाही प्रायमरीत उतरले नाहीत. सिनेटमधले दोस्त आपापली राज्यं आणून देतील असा त्यांचा हिशोब होता. शिवाय उतरलो आणि हरलो तर? ती जुनी भीती. उमेदवारी त्यांनी ५ जुलैला जाहीर केली, अधिवेशनाला आठवडाही उरला नव्हता. त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या माणसांनी केनेडींना ॲडिसन्स डिसीज असल्याचं पत्रकारांना सांगून टाकलं. केनेडींच्या गोटाने नाकारलं (आजार होता, हे पुढे सिद्ध झालं). केनेडींच्या वडिलांवरही चिखलफेक झाली. १३ जुलैच्या रात्री लॉस एंजेलिसला पहिल्याच फेरीत निकाल लागला. केनेडी ८०६, जॉन्सन ४०९.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केनेडी बिल्टमोर हॉटेलात दोन मजले खाली उतरून जॉन्सन यांच्या खोलीत गेले आणि त्यांना उपाध्यक्षपद देऊ केलं.

त्या दिवसाचा गोंधळ आपल्या गॅदरिंगलाही लाजवेल असा होता. कामगार संघटना भडकल्या, उदारमतवादी भडकले. केनेडींचे धाकटे भाऊ रॉबर्ट दिवसभर वरखाली करत होते आणि जॉन्सननी नाव मागे घ्यावं म्हणून गळ घालत होते. या फेऱ्या थोरल्याच्या सांगण्यावरून होत्या की धाकट्याच्या मनाने, यावर दोन्हीकडच्या माणसांचं कधीच एकमत झालं नाही. जॉन्सन आणि रॉबर्ट यांचं वैर मात्र त्या दुपारपासून कायमचं पक्कं झालं. संध्याकाळी नाव जाहीर झालं.

केनेडींनी हे का केलं? साधं गणित होतं. केनेडी उत्तरेतले, श्रीमंत, कॅथलिक. दक्षिणेत त्यांना कोण विचारणार? टेक्सासने १९५२ आणि १९५६, दोन्ही वेळा विरोधी पक्षाच्या आयझेनहॉवरना मत दिलं होतं. मग जॉन्सन खास रेल्वेगाडी घेऊन दक्षिणेत स्टेशनास्टेशनावर भाषणं करत फिरले. ४ नोव्हेंबरला डॅलसच्या एका हॉटेलात विरोधकांच्या जमावाने त्यांना आणि पत्नी लेडी बर्ड यांना घेरलं, शिव्या दिल्या, थुंकले. जॉन्सननी ती लॉबी मुद्दाम हळूहळू ओलांडली, म्हणजे कॅमेऱ्यांना सगळं नीट टिपता यावं. टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी मिळालं.

इथे मी स्वतः आकडे मांडून बघितले. केनेडींना ३०३ इलेक्टोरल मतं मिळाली, लागत होती २६९. टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात. म्हणजे एकट्या टेक्सासमुळे केनेडी जिंकले हे जे सर्रास सांगितलं जातं ते गणितात बसत नाही! पण जॉन्सन नसते तर फक्त टेक्साससारखं एकच राज्य गेलं असतं का? दक्षिणेतल्याच नॉर्थ कॅरोलायनाची १४ सुद्धा गेली असती तर आकडा २६५ वर येतो, आणि बहुमत कुणालाच नाही. देशभरात सव्वा लाखापेक्षा कमी मतांचा फरक होता. तेव्हा हरलेल्याला घेणं हा मतांच्या दृष्टीने शहाणपणाचाच सौदा होता.

पण मतमोजणी झाल्यावर काय? जॉन्सन उपाध्यक्ष झाले आणि त्यांना कामच उरलं नाही. जानेवारी १९६१ मध्ये सिनेटमधल्या पक्षाच्या बैठकीचं अध्यक्षपद आपल्याकडे राहावं म्हणून त्यांनी प्रयत्न केला. सतरा जुन्या सहकाऱ्यांनी विरोधात मत दिलं. ते खोलीतून उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर पडले. केनेडींच्या आसपासची हार्वर्डवाली मंडळी त्यांच्या टेक्सासी बोलण्यावर हसायची. त्यांना परदेश दौऱ्यांवर पाठवलं जाई. मे १९६१ मध्ये ते आपल्याकडेही येऊन गेले. त्याच दौऱ्यात कराचीला बशीर अहमद नावाच्या उंटगाडीवाल्याला सहज म्हणून अमेरिकेचं आमंत्रण देऊन बसले, आणि तो खरंच पोचला. एक काम मात्र मोलाचं होतं, अवकाश परिषदेचं अध्यक्षपद. रशियाला कुठे हरवता येईल असं केनेडींनी एप्रिल १९६१ मध्ये विचारलं, तेव्हा चंद्रावर माणूस उतरवण्याच्या बाजूने कौल देणारा अहवाल आठ दिवसांत जॉन्सनकडूनच गेला. एवढं एक सोडलं तर तीन वर्षं रिकामी.

मला हा भाग सगळ्यात जास्त लागला. आमच्या मेसमध्येही हरलेलीला शेवटी जॉइंट सेक्रेटरी केलं, आणि काम काय दिलं? नोटिसबोर्डवर मेनू लिहायचं. हिशोबाची वही तिला दाखवतसुद्धा नाहीत. माझं मत असं आहे की हरलेल्याला घ्यायचं तर तो उद्या आपली खुर्ची सांभाळू शकेल का एवढंच बघावं, आणि सांभाळू शकत असेल तर त्याला आजपासून कामाला लावावं. नुसती त्याची मतं घेऊन त्याला कोपऱ्यात बसवणं म्हणजे फसवणूक आहे.

केनेडींच्या बाबतीत ती खुर्ची खरंच रिकामी झाली. २२ नोव्हेंबर १९६३, पुन्हा डॅलस. जॉन्सन मागच्याच गाड्यांमध्ये होते. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी विमानातच त्यांनी शपथ घेतली.

केनेडींचं नागरी हक्कांचं विधेयक तेव्हा काँग्रेसमध्ये अडकून पडलं होतं. ते बाहेर काढायला लागणारी किल्ली होती फक्त एकाच माणसाकडे, तो कॉलर धरून बोलणारा. दक्षिणेतल्या सिनेटरांनी भाषणांवर भाषणं करून महिनोन् महिने ते रोखलं. १० जून १९६४ ला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्यात आली आणि २ जुलैला कायदा झाला. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा आणि म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर. हा माणूस स्वतः दक्षिणेतला होता, आणि या कायद्याने दक्षिण आपल्या पक्षाच्या हातून जाणार हे त्याला दिसत होतं.

आणखी एक, आपल्या जीआरईवाल्यांसाठी! ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी जॉन्सननी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतासाठी वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. आज न्यू जर्सीत मराठी मंडळं गणपती बसवतात त्यामागे ती सही आहे. याच माणसाने १९६६ च्या दुष्काळात आपल्या गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबाने अडवून अडवून सोडली, हेही लिहून ठेवते.

१९६४ मध्ये जोडीदार निवडायची पाळी जॉन्सन यांची होती. रॉबर्ट केनेडींचं नाव सगळीकडे घेतलं जात होतं. जॉन्सननी काय करावं? मंत्रिमंडळातल्या कुणाचाच विचार करणार नाही असं जाहीर केलं. एका माणसाला टाळण्यासाठी सगळेच बाद! रॉबर्टच्या मतांची त्यांना गरजच नव्हती, ते ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. मग घेतलं कुणाला? ह्यूबर्ट हम्फ्रींना, म्हणजे १९६० च्या प्रायमरीत हरलेल्यांना. आणि ज्याने स्वतः तीन वर्षं कोपऱ्यात काढली त्याने हम्फ्रींना तसंच वागवलं. व्हिएतनाममध्ये युद्ध वाढवू नका असं हम्फ्रींनी फेब्रुवारी १९६५ मध्ये लिहून दिलं, तर त्यांना युद्धाच्या बैठकांतूनच वगळलं. खरं तर शेजारी बसलेला तो माणूस योग्य सल्ला देत होता. १९६८ पर्यंत पाच लाखांवर अमेरिकन सैनिक तिथे अडकले.

मार्च १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी त्यांच्याच विरोधात उमेदवारीसाठी उतरले. पंधरा दिवसांनी, ३१ मार्चला, जॉन्सननी टीव्हीवरून आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं सांगितलं. जूनमध्ये रॉबर्टही गोळीला बळी पडले. उमेदवारी हम्फ्रींकडे आली आणि ते निक्सनकडून हरले.

जॉन्सन आपल्या शेतावर परतले. केस वाढवले, सिगरेट पुन्हा सुरू केली. २२ जानेवारी १९७३ ला दुपारी झोपायच्या खोलीत झटका आला. त्यांनी फोनवरून मदत मागितली, माणसं धावत पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय ६४. १९६८ मध्ये उभे राहून जिंकले असते तर ती कारकीर्द दोनच दिवसांपूर्वी संपली असती. दुसऱ्या दिवशी निक्सननी व्हिएतनामच्या शांतता कराराची घोषणा केली.