बाबासाहेब आंबेडकर यांचे आजारपण

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, अस्पृश्यतानिर्मूलनाच्या चळवळीचे नेते, भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री होते. आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांत त्यांना मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि पायांच्या मज्जातंतूंचा दाह अशा अनेक व्याधींनी ग्रासले होते. संविधानाचा मसुदा, हिंदू संहिता विधेयक आणि बौद्ध धम्माचा स्वीकार ही त्यांच्या उत्तरायुष्यातील तिन्ही मोठी कार्ये याच काळातील आहेत. या लेखात त्यांचे आजारपण, त्याच्या निदानातील अडचणी आणि त्याचा त्यांच्या कार्याशी असलेला संबंध यांची माहिती दिली आहे.

पूर्वायुष्य

आंबेडकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या गावचे. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी अर्थशास्त्रातील उच्च पदव्या मिळवल्या आणि ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. लंडनमधील दिवस अत्यंत काटकसरीचे होते. अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात बसायचे आणि रात्री उशिरापर्यंत वाचायचे, असा त्यांचा क्रम असे. बैठ्या कामाची, कमी झोपेची आणि अखंड वाचनाची ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही.

महाडचा सत्याग्रह (१९२७), नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०), गोलमेज परिषदा आणि येरवड्याच्या तुरुंगात झालेला पुणे करार (१९३२) या घडामोडींनी त्यांच्या आयुष्याची मधली वर्षे व्यापली आहेत. याच काळात घरात मात्र दुःखामागून दुःखे येत गेली. पाच अपत्यांपैकी यशवंत हा एकच मुलगा जगला. २७ मे १९३५ रोजी पत्नी रमाबाई यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. त्यानंतरची जवळजवळ तेरा वर्षे त्यांचे खाणेपिणे, झोप आणि औषधपाणी यांवर लक्ष ठेवणारे जवळचे माणूस घरात नव्हते.

मजूरमंत्रिपद आणि कामगारांचे आजारपण

१९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार आजारी पडला की त्याची मजुरी बुडते आणि मजुरी बुडाली की उपचारही थांबतात, हे दुष्टचक्र मोडण्यासाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. आडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला. कामगाराला आजारपणात उपचार आणि वेतनाचा काही भाग हक्काने मिळावा, ही तरतूद त्या कायद्यात होती.

पायांचे दुखणे

स्वातंत्र्याच्या सुमारास आंबेडकरांची प्रकृती झपाट्याने ढासळू लागली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ते कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पायांत तीव्र वेदना होत. त्या वेदनांमुळे रात्रीची झोप लागत नसे. मधुमेहासाठी ते इन्सुलिन घेत होते, त्याच्या जोडीला होमिओपॅथीची औषधेही चालू होती.

त्यांच्या चरित्रसाधनांत या दुखण्यासाठी एकच नाव आढळत नाही. कुठे संधिवात म्हटले आहे, कुठे मज्जातंतूंचा दाह अर्थात न्यूरायटिस, तर कुठे मधुमेहाचा परिणाम. ही नावे एकमेकांच्या जागी वापरता येण्याजोगी नाहीत. संधिवातात दुखणे सांध्यात असते. सांधा आखडतो, काही प्रकारांत सुजतो, आणि हालचालीबरोबर किंवा सकाळी उठताना वेदना अधिक जाणवते. मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा झाली तर दुखणे सांध्यात नसते. तळपायांत जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा येतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्रास वाढतो. पहिल्या प्रकारात वेदनाशामके, शेक आणि बेताचा व्यायाम उपयोगी पडतो. दुसऱ्यात रक्तातील साखर आटोक्यात आणणे हा उपचाराचा पाया असतो. एकाच रुग्णाला दोन्ही व्याधी असतील, तर कोणती वेदना कशामुळे हे ठरवणे कठीण होते.

व्यवहारातील मराठीत गुडघे, कंबर, पाय यांच्या बहुतेक दुखण्यांना सरसकट संधिवात किंवा नुसते वात म्हटले जाते. आयुर्वेदात मात्र संधिगत वात, आमवात आणि वातरक्त असे वेगवेगळे विकार मानले आहेत. माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक वैद्यकातही झीज होऊन येणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस, शरीराच्या प्रतिकारशक्तीतील बिघाडाने होणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट हे भिन्न आजार आहेत. त्यामुळे जुन्या चरित्रात संधिवात हा शब्द आला, तर त्यावरून नेमका आजार सांगता येत नाही.

त्या काळातील निदानाची साधने

१९४७-४८ मध्ये डॉक्टरांच्या हाती असलेली साधने मर्यादित होती. लघवीतील साखर पाहण्यासाठी बेनेडिक्टचे निळे द्रावण वापरत. लघवीचे थेंब घालून ते उकळले की साखरेच्या प्रमाणानुसार त्याचा रंग हिरव्यापासून विटकरी तांबड्यापर्यंत बदले. रक्तातील साखर प्रयोगशाळेत मोजता येत असे, पण मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी आजची चाचणी तेव्हा नव्हती. सांध्यांसाठी क्ष-किरण चित्र आणि रक्तपेशी खाली बसण्याचा वेग मोजणारी चाचणी उपलब्ध होती. मात्र शरीरात दाह आहे एवढेच ही दुसरी चाचणी सांगते, तो कशामुळे आहे हे सांगत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठीची रोझ-वालर चाचणी १९४० च्या दशकात नुकतीच पुढे येत होती. मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने वाहतो हे मोजण्याचे तंत्रही बाल्यावस्थेत होते.

उपचारांची स्थितीही अशीच होती. सांधेदुखीवर मुख्य आधार ॲस्पिरिनसारख्या सॅलिसिलेट औषधांचा होता. कॉर्टिसोनचा सांधेदाहावरील पहिला प्रयोग अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये केला आणि त्या संशोधनाला १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु कॉर्टिसोनने रक्तातील साखर वाढते, त्यामुळे मधुमेही रुग्णाला ते देणे जोखमीचेच असते. अशा परिस्थितीत निदानाची खरी भिस्त एकाच डॉक्टरने रुग्णाकडे सातत्याने पाहण्यावर होती. आहार, झोप, इन्सुलिनची मात्रा आणि वेदनेची वेळ यांचा रोजचा मेळ घातल्याशिवाय दुखण्याचे मूळ हाती लागणे अवघड होते.

डॉ. मालवणकर आणि डॉ. शारदा कबीर

उपचारांसाठी आंबेडकर मुंबईस येत. तेथील नामांकित डॉक्टर माधवराव मालवणकर यांच्याकडे त्यांची तपासणी होत असे. डॉ. शारदा कबीर (जन्म २७ जानेवारी १९०९) या मालवणकरांच्या हाताखाली काम करत होत्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी १९३७ मध्ये एम.बी.बी.एस. पदवी घेतली होती. आंबेडकरांचा परिचय त्यांच्याशी याच काळात झाला.

आहार सांभाळणारे आणि वैद्यकाचे ज्ञान असणारे माणूस कायम सोबत असावे, असा सल्ला डॉक्टरांनी आंबेडकरांना दिला. रमाबाईंच्या निधनानंतर पुन्हा विवाह न करण्याचा त्यांचा निश्चय होता. मात्र परिचारिका किंवा घर सांभाळणारी स्त्री ठेवल्यास लोकापवाद निर्माण होईल, त्यापेक्षा विवाह करणे योग्य, असा विचार त्यांनी मार्च १९४८ मध्ये आपले निकटचे सहकारी भाऊराव गायकवाड यांना पत्राने कळवला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने हा विवाह झाला. विवाहानंतर शारदा कबीर या सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. अनुयायी त्यांना माईसाहेब म्हणत. पथ्य, इन्सुलिन आणि औषधांची जबाबदारी त्यांनी घेतली, तर मालवणकर यांचे मार्गदर्शन पुढेही चालू राहिले.

संविधान सभेतील कार्य

मसुदा समितीने संविधानाचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सादर केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी तो संविधान सभेपुढे चर्चेसाठी मांडला. दुसऱ्याच दिवशी समितीचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभागृहाला वस्तुस्थिती सांगितली. सात सदस्यांपैकी एकाने राजीनामा दिला होता, एकाचे निधन झाले होते, एक जण अमेरिकेत होते, एक जण संस्थानच्या कारभारात गुंतले होते, आणि एक-दोन जण प्रकृतीच्या कारणाने दिल्लीपासून दूर होते. परिणामी मसुद्याचा भार आंबेडकरांवर पडला होता. ज्या समितीचे काही सदस्य प्रकृतीमुळे दूर राहिले, तिचे अध्यक्षही आजारीच होते. तरीही पुढचे वर्षभर सभागृहात मांडल्या गेलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी कलमवार उत्तरे दिली. मांडल्या गेलेल्या दुरुस्त्यांची संख्या २,४७३ होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले.

हिंदू संहिता विधेयक आणि राजीनामा

स्त्रियांना वारसा, विवाह आणि घटस्फोट यांबाबत हक्क देणारे हिंदू संहिता विधेयक हा आंबेडकरांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १९५१ मध्ये त्यांची प्रकृती पुन्हा बिघडली. डॉक्टरांनी महिनाभराच्या सलग उपचारांचा आग्रह धरला होता. १० ऑगस्ट १९५१ रोजी त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून ही अडचण कळवली. उपचारांसाठी जाण्यापूर्वी विधेयक मार्गी लागावे, म्हणून ते १६ ऑगस्टला चर्चेला घ्यावे आणि १ सप्टेंबरपर्यंत पूर्ण करावे, अशी विनंती त्यांनी केली. प्रत्यक्षात विधेयक रखडले आणि सप्टेंबरअखेर आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

राजीनाम्यामागे आजारपण असल्याचा समज होऊ नये, याविषयी ते दक्ष होते. आपल्या निवेदनात त्यांनी हे कारण स्पष्टपणे नाकारले. आजारासाठी कर्तव्य सोडणाऱ्यांपैकी आपण नाही, असे सांगून त्यांनी मतभेदाचे मुद्दे क्रमाने मांडले.

अखेरची वर्षे

१९५२ पासून आंबेडकर राज्यसभेचे सदस्य होते. मे १९५४ मध्ये भंडारा येथील लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टीही मंदावली होती. प्रकृती थोडी सुधारताच डिसेंबरमध्ये ते रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळील देहूरोड येथे त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली.

या वर्षांत त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन. मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रास्ताविकात त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख केला आहे. प्रकृतीच्या चढउतारांमुळे डॉक्टरांनाही आशा उरली नव्हती, आणि विझत आलेली ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीच्या व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, अशा आशयाची कृतज्ञता त्यांनी तेथे व्यक्त केली. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत हे प्रास्ताविक छापले गेले नाही. त्यामुळे त्यांच्या उपचारांविषयीची त्यांची स्वतःची साक्ष दीर्घकाळ सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या वेळी उभे राहण्यासाठी त्यांना काठीचा आणि इतरांच्या हाताचा आधार घ्यावा लागत होता. दोन दिवसांनी चंद्रपूर येथे दुसरा दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केले आणि महिनाअखेर ते दिल्लीस परतले.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी नेहमीप्रमाणे त्यांचे पाय दाबून दिले. त्यानंतर आंबेडकरांनी ग्रंथाचे प्रास्ताविक आपल्या टेबलावर आणून ठेवण्यास सांगितले. ६ डिसेंबरच्या सकाळी अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या निवासस्थानी ते झोपेतच निधन पावल्याचे आढळले. ७ डिसेंबर रोजी मुंबईत दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

साधने आणि स्मृती

आंबेडकरांच्या आजारपणाची माहिती मुख्यतः त्यांचा पत्रव्यवहार, धनंजय कीर यांनी लिहिलेले चरित्र, रत्तू यांच्या आठवणी आणि सविता आंबेडकर यांचे डॉ. आंबेडकरांच्या सहवासात हे आत्मकथन यांतून मिळते. यांपैकी सविता आंबेडकर या स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या लेखनात व्याधींची नावे वेगवेगळी नोंदलेली दिसतात. एरवी ज्याला सरसकट पायदुखी म्हटले जाते, त्यात सांधे, मज्जातंतू आणि मधुमेह यांचा निरनिराळा वाटा होता, हे अशा नोंदींवरून लक्षात येते. आंबेडकरांच्या वापरातील अनेक वस्तू पुण्यात सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात जतन केल्या आहेत.