लॅपटॉपचा कीबोर्ड बदलू की नको? क्वर्टीच्या जनकाने मला दिलेलं उत्तर



मागच्या महिन्यात मी एक सेकंड हँड लॅपटॉप घेतला. प्रोसेसर चांगला, बॅटरी बरी, किंमत बजेटमध्ये. घरी येऊन नाव टाइप केलं तेव्हा गडबड कळली. वाय दाबला की झेड येत होता आणि झेड दाबला की वाय. पीच्या शेजारी डोक्यावर दोन टिंबं असलेला यू. लॅपटॉप जर्मनीतून आलेला होता आणि कीबोर्डही जर्मन होता.

मी क्लार्क-टायपिस्टच्या परीक्षेची तयारी करतेय. तिथे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हा वेग लागतो. म्हणून सांगोल्यातल्या एका रिपेअरवाल्या दादांकडे गेले. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला आणि सांगितलं की नेहमीचा कीबोर्ड २,२०० रुपयांना मिळेल. पण या लॅपटॉपची एंटर की उभी आणि डावी शिफ्ट आखूड आहे, त्यामुळे वरची फ्रेमही बदलावी लागेल. सगळे मिळून ४,५०० रुपये. यंदा आमच्या डाळिंबावर तेल्या आलाय. घरी ४,५०० मागायची हिंमत होईना.

दोन दिवस विचार केला, आणि त्या नादात एक साधा प्रश्न पडला. ही अक्षरं अशी वेडीवाकडी लावली कुणी? शोधताना एका माणसाचं आयुष्य समोर आलं, आणि माझा निर्णयही तिथेच झाला. त्या माणसाचं नाव ख्रिस्तोफर लॅथम शोल्स.

छापखान्यातला पोरगा

शोल्सचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लहान वयातच तो छापखान्यात काम शिकायला लागला. तेव्हा छपाई म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे. कोणतं अक्षर जास्त लागतं, कोणत्या अक्षराशेजारी कोणतं येतं, हे अशा माणसाच्या बोटांना आपोआप कळतं.

१८३७ मध्ये तो विस्कॉन्सिनला गेला. तिथे वर्तमानपत्रं चालवली, संपादक झाला, राजकारणात उतरला आणि राज्याच्या विधिमंडळातही बसला. १८५३ मध्ये विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षा रद्द केली. त्यासाठी झटणाऱ्यांमध्ये शोल्स होता. पुढे अब्राहम लिंकनच्या काळात त्याला मिलवॉकी बंदरावर जकात अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. नोकरीतून उरलेला वेळ तो यंत्रांशी खटपट करण्यात घालवायचा.

पानांचे आकडे छापता छापता

मिलवॉकीत क्लाइनस्टॉयबर नावाच्या माणसाचं एक वर्कशॉप होतं. तिथे शोल्स आणि त्याचा मित्र सॅम्युअल सोल यांनी पानांवर क्रमांक छापणारं यंत्र बनवलं. त्याच वर्कशॉपमध्ये कार्लोस ग्लिडन नांगराच्या यंत्रावर काम करत होता. त्याच्या डोक्यात आलं की हे यंत्र आकडे छापतं, तर अक्षरं का छापू नये? १८६७ मध्ये एका विज्ञान नियतकालिकात लिहिणाऱ्या यंत्रावर लेख आला आणि शोल्स या कामाला भिडला.

पहिला प्रयोग अगदी जुगाडू होता. तारयंत्राची एक कळ घेतली आणि कार्बन पेपरमधून एकच अक्षर उमटवलं, डब्ल्यू. एक उमटलं म्हणजे बाकीचीही उमटतील. २३ जून १८६८ रोजी त्यांना पेटंट मिळालं. त्या यंत्राच्या पट्ट्या पियानोसारख्या होत्या.

मग जेम्स डेन्समोर आला. त्याने या यंत्रावर टाइप केलेलं एक पत्र पाहिलं आणि यंत्र न बघताच पैसे घातले. माणूस हट्टी होता. यंत्र चांगलं झालंय म्हटलं की तो ते वॉशिंग्टनच्या जेम्स क्लीफन या स्टेनोग्राफरकडे पाठवायचा. क्लीफन इतकं जोरात वापरायचा की यंत्र मोडायचं. मग तक्रारींची यादी यायची आणि शोल्स नवं मॉडेल बनवायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर क्लीफन हा बीटा टेस्टर होता. सोल आणि ग्लिडन मागे पडले, शोल्स मात्र टिकून राहिला.

अक्षरं इकडची तिकडे का झाली?

सुरुवातीला मांडणी साधी एबीसीडी क्रमाने होती. तिची खूण आजही दिसते. आत्ता तुमच्या फोनचा इंग्रजी कीबोर्ड उघडा आणि मधली ओळ बघा: डी, एफ, जी, एच, जे, के, एल. मधला ई आणि आय सोडला तर हा वर्णक्रमच आहे!

मग बाकीची अक्षरं का हलली? नेहमी सांगतात ते कारण असं: प्रत्येक अक्षर एका दांडीच्या टोकाला होतं आणि दांडी खालून वर येऊन कागदावर आपटायची. जवळच्या दोन दांड्या पाठोपाठ आल्या की एकमेकींत अडकायच्या. शिवाय कागदाची ती बाजू टाइप करणाऱ्याला दिसतच नव्हती, म्हणून चूक उशिरा कळायची. त्यामुळे जोडीने येणारी अक्षरं लांब ठेवली. पण ई आणि आर ही जोडी इंग्रजीत सारखी येते आणि ती तर शेजारी शेजारी आहे. जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते हे यंत्र सुरुवातीला वापरणाऱ्या तारमास्तरांच्या सोयीने अक्षरं हलत गेली. एकच कारण पक्कं सांगता येत नाही. पण ही मांडणी एका दिवसात ठरली नाही, वर्षानुवर्षं दुरुस्त्या होत होत ती घडली, एवढं नक्की.

१ मार्च १८७३ रोजी रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. ही कंपनी बंदुका बनवायची. शोल्सने आपला हक्क १२,००० डॉलरला विकून टाकला. डेन्समोरने मात्र एकरकमी पैसे न घेता रॉयल्टी घेतली आणि तो श्रीमंत झाला. रेमिंग्टनच्या कारखान्यातही काही अक्षरं हलली. १८७४ मध्ये यंत्र बाजारात आलं, किंमत १२५ डॉलर. त्यावर फक्त कॅपिटल अक्षरं होती. आपली शिफ्ट की आली ती १८७८ च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये.

ज्याने बनवला, त्यालाच बदलायचा होता

आता माझ्या प्रश्नाशी जोडलेला भाग. हक्क विकले, यंत्र जगभर जाऊ लागलं, म्हणजे शोल्सचं काम संपायला हवं होतं. पण तो थांबला नाही. क्षयाने अंथरुणाला खिळलेला असतानाही तो टाइपरायटरमध्ये सुधारणा करत राहिला. १८८९ मध्ये त्याने आणखी एका पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यातली अक्षरांची मांडणी क्वर्टी नव्हती! १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकीत त्याचं निधन झालं. ते पेटंट मंजूर झालं १८९६ मध्ये, तो गेल्यावर सहा वर्षांनी.

तोवर उशीर झाला होता. १८८८ मध्ये सिनसिनाटीत टायपिंगची स्पर्धा झाली. फ्रँक मॅकगरिन रेमिंग्टनच्या यंत्रावर कीबोर्डकडे न बघता टाइप करून जिंकला. टायपिंग क्लासेस क्वर्टी शिकवू लागले, ऑफिसं क्वर्टी येणारी माणसं घेऊ लागली. १८९३ मध्ये टाइपरायटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि क्वर्टी कायमची बसली. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोराक यांनी वेगळ्या मांडणीचं पेटंट घेतलं. ती आजही विंडोजमध्ये मिळते, पण वापरणारे मोजकेच. आपल्या फोनच्या काचेवर अडकायला एकही दांडी नाही, तरीही तिथे क्वर्टीच आहे.

शोल्सला एका गोष्टीचं समाधान होतं. त्याच्या यंत्रामुळे हजारो बायकांना ऑफिसात कमाईचं काम मिळालं. १८७२ च्या एका फोटोत त्याची मुलगी लिलियन त्या यंत्रावर बसलेली दिसते. क्लार्क-टायपिस्टचा फॉर्म भरलेल्या मला तो फोटो फार जवळचा वाटला.

मग मी काय ठरवलं?

शोल्सच्या गोष्टीतून मला एक गोष्ट कळली. मांडणी राहते ती बोटांत. म्हणूनच तिचा जनकही ती बदलू शकला नाही. आणि आजच्या लॅपटॉपमध्ये तर मांडणी यंत्रातही नसते. तुम्ही की दाबता तेव्हा कीबोर्ड फक्त कोणत्या जागेवरची की दाबली त्याचा नंबर पाठवतो. त्या नंबरचं अक्षर कोणतं हे विंडोज ठरवतं. जर्मन, इंग्रजी, मराठी हा सगळा सॉफ्टवेअरचा मामला आहे. किल्लीवर छापलेलं अक्षर म्हणजे नुसता रंग.

म्हणून मी सेटिंगमध्ये भाषेच्या पर्यायात जाऊन कीबोर्ड यूएस इंग्रजी केला आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट जोडला. वाय आणि झेड जागेवर आले. खर्च शून्य.

इनस्क्रिप्ट हे भारत सरकारने १९८६ मध्ये ठरवलेलं मानक आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. केच्या जागी क, शिफ्ट धरून दाबलं की ख. एनच्या जागी ल, शिफ्टसह ळ. ही अक्षरं माझ्या किल्ल्यांवर छापलेली नाहीत, आणि नाहीत तेच बरं. खाली बघून उपयोगच नाही म्हटल्यावर नजर आपोआप स्क्रीनवर राहते.

एक अडचण मात्र खरी होती. जर्मन कीबोर्डवर आखूड डाव्या शिफ्टच्या शेजारी एक जादा की असते. घाईत शिफ्टऐवजी तीच दाबली जायची आणि तिरकी रेघ उमटायची. ही अडचण सेटिंगने जात नाही, कारण इथे किल्लीची जागाच वेगळी आहे. परीक्षेत समोर येणार तो नेहमीचा कीबोर्ड. त्यामुळे सरावासाठी मी ४५० रुपयांचा साधा यूएसबी कीबोर्ड घेतला. लॅपटॉपचा आहे तसा ठेवला.

तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल तर हा क्रम लक्षात ठेवा:

- अक्षरं चुकीची येत असतील तर आधी सेटिंग बदला. पैसे खर्च करू नका.
- एंटर आणि शिफ्टचा आकार वेगळा असेल तर आठवडाभर वापरून बघा. जमत नसेल तर बाहेरून जोडायचा कीबोर्ड घ्या.
- किल्ल्या मेल्या असतील किंवा आत पाणी गेलं असेल तरच आतला कीबोर्ड बदला. त्याच मॉडेलचा आणि त्याच आकाराचा मागा, नाहीतर फ्रेमचा खर्च वाढतो.
- टायपिंगची परीक्षा असेल तर कोणती मांडणी चालते हे जाहिरातीत आधी वाचा. मराठीत इनस्क्रिप्ट आहे तशी जुन्या टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन मांडणीही आहे. एकदा एक बोटांत बसली की दुसरी शिकायला फार त्रास होतो.

त्या दादांना जाऊन सांगितलं की कीबोर्ड बदलत नाहीये. ते हसले आणि धूळ साफ करून दिली, पैसे घेतले नाहीत. सध्या माझा मराठीचा वेग २२ वर आहे. अजून आठ शब्द बाकी आहेत, आणि ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.