डॉ. मेबल आरोळे

बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून जामखेड हे अवर्षणग्रस्त गाव आहे. डॉ. मेबल आरोळे यांचे नाव या गावाशी कायमचे जोडलेले आहे. परंतु त्यांच्या कार्याचे बीज रुजले ते वडाळा येथे.

वेल्लोरला वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर १९६० मध्ये मेबल यांचा विवाह सहाध्यायी डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी झाला. गोरगरिबांच्या सेवेचा निर्धार करून दोघे नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या रुग्णालयात काम करू लागले. रोगी बरे होऊन घरी जात; परंतु दूषित पाणी व अपुरे अन्न यांमुळे तेच रोगी पुन्हा दारी येत. केवळ औषधाने हे दुःख सरणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून काही वर्षांनी वडाळा सोडून ते अमेरिकेस गेले व तेथे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतले.

१९७० मध्ये त्यांनी जामखेडला कार्य आरंभिले. खेड्यातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. तरी त्या घरोघर जाऊन स्वच्छता, आहार व बालसंगोपन शिकवू लागल्या. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

१९९९ मध्ये मेबल निवर्तल्या. रोग बरा करण्याइतकेच तो होऊ न देणे हीही वैद्याची सेवा आहे, हे त्यांनी आपल्या जीवनाने दाखवून दिले.