हॅरीच्या नावातला ‘एच’

‘हॅरी पॉटर’मधला ल्युशियस मॅलफॉय आठवतो ना? लांब पांढुरके केस, चेहऱ्यावर कायमची तुच्छता. तो साकारणारा जेसन आयझॅक्स २००८ साली बीबीसी फोरच्या एका टीव्ही फिल्ममध्ये भंगारवाल्याच्या कपड्यांत दिसला. त्याच्यासमोर होता फिल डेव्हिस, म्हणजे ‘शेरलॉक’च्या पहिल्या भागातला गोळ्यांचा जीवघेणा खेळ खेळणारा टॅक्सीवाला. फिल्मचं नाव ‘द कर्स ऑफ स्टेप्टो’. स्टेप्टोचा शाप. बीबीसी फोरने तेव्हा जुन्या विनोदी कलाकारांच्या खासगी आयुष्यावर अशा फिल्म्सची रांगच लावली होती. टोनी हॅनकॉक झाला, फ्रँकी हॉवर्ड झाला. सूत्र एकच: पडद्यावर लोकांना हसवणारा माणूस घरी कसा रडत होता.

आयझॅक्सने साकारलेला माणूस म्हणजे हॅरी एच. कॉर्बेट. तो जाऊन तेव्हा २६ वर्षं झाली होती. ब्रिटनमध्ये आजही पन्नाशी-साठीतल्या कुणासमोर त्याचं नाव काढा, चेहरा खुलतो. पण फिल्ममधला हॅरी खरा किती, यावरून पुढे बरंच रामायण घडलं. त्याआधी माणूस समजून घेऊ.

जन्म २८ फेब्रुवारी १९२५, रंगूनचा. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि हॅरीचे वडील ब्रिटिश लष्करात तिथे तैनात होते. हॅरी दीड वर्षाचाही धड नव्हता तेव्हा आई आमांशाने गेली. पोराला इंग्लंडला पाठवलं. तिथे मँचेस्टरच्या कामगार वस्तीत एका मावशीने त्याला वाढवलं. हुशार होता, ग्रामर स्कूलची परीक्षा पास झाला, पण तिथे जायला काही मिळालं नाही. साध्या शाळेत शिकला. दुसऱ्या महायुद्धात रॉयल मरीन्समध्ये भरती होऊन ‘डेव्हनशायर’ या युद्धनौकेवर गेला. परतल्यावर एक्स-रे काढायचं शिक्षण घेतलं आणि मग ते सगळं सोडून नाटकात घुसला. मँचेस्टरमध्येच, चॉर्ल्टनच्या एका छोट्या नाटक मंडळीत.

पन्नाशीच्या दशकात तो जोन लिटलवुडच्या ‘थिएटर वर्कशॉप’मध्ये आला. ही बाई म्हणजे वादळ. डाव्या विचारांची. नाटक कामगारांपर्यंत गेलं पाहिजे, या हट्टाने पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधलं एक मोडकळीला आलेलं थिएटर तिने घेतलं. पैसे नसायचे, नट स्वतःच झाडलोट, रंगकाम करायचे. हॅरी इथे घडला. १९५५मध्ये तिथे त्याने शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड केला. त्याच हंगामात लंडनच्या प्रतिष्ठित ओल्ड विकमध्येही हेच नाटक सुरू होतं, त्यामुळे समीक्षकांना तुलनेला आयतं निमित्त मिळालं. गोड गळ्याने ओळी म्हणणारा राजा एकीकडे आणि हॅरीचा अस्वस्थ, किंचित वेडसर राजा दुसरीकडे. त्याला पुढे इंग्लंडचा मार्लन ब्रँडो म्हणायला लागले ते उगाच नाही.

आता ते ‘एच’. त्याच काळात हॅरी कॉर्बेट नावाचा आणखी एक माणूस टीव्हीवर गाजत होता. सूटी नावाचं अस्वल हातावर चढवून मुलांना हसवणारा बाहुलीवाला. गोंधळ नको म्हणून आपल्या हॅरीने नावात ‘एच’ घुसवला. त्याचा अर्थ विचारला की सांगायचा, काहीही! लंडनच्या साध्या वस्त्यांत कधी कधी स्वरापुढे उगाच ‘ह’ चिकटतो आणि ‘एनीथिंग’चं ‘हेनीथिंग’ होतं, त्यावरचा हा त्याचा विनोद.

१९६१मध्ये रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन ही लेखकांची जोडी मोकळी झाली. टोनी हॅनकॉकसाठी ते वर्षानुवर्षं लिहीत होते, त्याने त्यांना सोडलं. बीबीसीने त्यांना सांगितलं, वेगवेगळ्या कथांचे सुटे भाग लिहा, हवे ते नट घ्या. त्यातल्या एका भागासाठी त्यांनी ठरवून विनोदवीर टाळले आणि गंभीर नट घेतले. बाप म्हणून विल्फ्रिड ब्रॅम्बेल, मुलगा म्हणून हॅरी. गंमत बघा, ‘बाप’ ४९ वर्षांचा आणि ‘मुलगा’ ३६ वर्षांचा!

५ जानेवारी १९६२ला तो भाग दाखवला गेला. नाव ‘द ऑफर’. घोडागाडी घेऊन भंगार गोळा करणारे बापलेक. मुलगा हॅरल्ड पुस्तकं वाचतो, उंची वाइनच्या गप्पा मारतो, या घाणीतून बाहेर पडायची स्वप्नं बघतो. बाप अल्बर्ट त्याला सोडायला तयार नाही. शेवटी हॅरल्ड सामान गाडीवर लादतो. बाप घोडा देत नाही. मग तो स्वतःच गाडी ओढायला लागतो. गाडी हलत नाही. तो जोर लावतो, पुन्हा लावतो आणि कोसळून रडायला लागतो. बाप त्याला चहा प्यायला घरात घेऊन जातो. संपलं.

तालमीत हॅरीच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं तेव्हा लेखकही चाट पडले. विनोदी नट रडण्याची नक्कल करतात, हा खरंच रडत होता. लिटलवुडच्या शाळेत शिकलेलं सगळं या अर्ध्या तासाच्या विनोदी भागात उतरलं होतं. ब्रिटिश सिटकॉम इथे बदलली असं माझं मत आहे. त्याआधी सिटकॉम म्हणजे मुख्यतः एखाद्या लोकप्रिय विनोदवीराभोवती रचलेला खेळ. इथे मात्र लोक हसता हसता गप्प व्हायला लागले.

मालिका झाली ‘स्टेप्टो अँड सन’. १९६२ ते ६५ आणि मग १९७० ते ७४. साडेपाच कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात ती दोन कोटींहून जास्त लोक बघायचे. १५ ऑक्टोबर १९६४ला ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक होती आणि त्याच संध्याकाळी मतदान संपायच्या तासभर आधी स्टेप्टोचा भाग लागणार होता. मजूर पक्षाच्या हॅरल्ड विल्सनना धसका बसला: आपला कामगार मतदार घरात टीव्हीसमोर बसला तर? त्यांनी थेट बीबीसीच्या प्रमुखांना गळ घातली आणि कार्यक्रम मतदान संपेपर्यंत पुढे ढकलला गेला. मजूर पक्ष जिंकला, अवघ्या चार जागांच्या बहुमताने. हॅरी स्वतः त्याच पक्षाचा समर्थक होता, ही आणखी एक गंमत.

इथून फिल्मवाल्यांची गोष्ट सुरू होते. हॅरीला रंगभूमीवर मोठं काहीतरी करायचं होतं, पण तो जाईल तिथे लोकांना हॅरल्ड स्टेप्टोच दिसायचा. सिनेमे मिळाले, ‘कॅरी ऑन स्क्रीमिंग’सारखे, पण तेही बहुतेक विनोदी. जोडीला ब्रॅम्बेल. तो दारू प्यायचा, संवाद विसरायचा. तो समलैंगिक होता आणि इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत तो गुन्हा होता. मालिका सुरू झाली त्याच वर्षी त्याला अटक होऊन खटला झाला होता आणि वर्तमानपत्रांनी ते छापलंही होतं. रोज ती टांगती तलवार डोक्यावर घेऊन तो माणूस सेटवर यायचा. १९७७मध्ये दोघं स्टेप्टोचा नाट्यप्रयोग घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले, तिथे ताण वाढला.

यातून फिल्मने काय केलं? हॅरल्ड जसा बापाच्या घरात अडकला, तसा हॅरी स्टेप्टोत अडकला. दोघं एकमेकांचा द्वेष करत जगले. ऐकायला मस्त वाटतं, पटकथा आपोआप लिहून होते. आयझॅक्स आणि डेव्हिसने कामही झकास केलं. पण खऱ्या आयुष्यात वर्षांच्या अंतराने घडलेल्या गोष्टी फिल्मने एकमेकींना चिकटवल्या, त्यात हॅरीची लग्नं आणि घरच्या गोष्टीही आल्या. कुटुंबाने बीबीसीकडे तक्रार केली. तक्रारीतले काही मुद्दे बीबीसीला मान्य करावे लागले आणि फिल्मला पुन्हा कात्री लागली. गॅल्टन आणि सिम्प्सनसुद्धा सांगत राहिले की इतकी वर्षं आम्ही रोज सेटवर होतो, असा द्वेष आम्हाला काही दिसला नाही.

मेलेल्या माणसाची बदनामी झाली म्हणून कोर्टात जाता येत नाही, ब्रिटनच्या कायद्यात तरी नाही. म्हणून अशा फिल्म्स करणं सोपं असतं. मला त्यातलं सगळ्यात खटकणारं वेगळंच आहे. हॅरीचं दुःख फिल्म दाखवते, पण स्टेप्टोतलं त्याचं काम म्हणजे जणू वाया गेलेली वर्षं, असं मानूनच ती चालते. दुसरा रिचर्ड मोठा आणि भंगारवाला छोटा, हे ठरवलं कुणी? नाटक कामगारांपर्यंत न्यायचं म्हणून ज्या मंडळींनी तुटक्या थिएटरात दिवस काढले, त्यांच्यातलाच हा एक जण खऱ्या अर्थाने कामगारांच्या घराघरांत पोहोचला होता!

१ जानेवारी १९७६च्या सन्मान यादीत हॅरीला ओबीई मिळाली. त्याच यादीत दुसरा हॅरी कॉर्बेटही होता, सूटीवाला. सांगतात ते असं, की विल्सनना आपल्या हॅरीचा सन्मान करायचा होता, पण कागदांच्या प्रवासात कुठेतरी ‘एच’ गळाला आणि नाव बाहुलीवाल्याचं लागलं. मग दोघांनाही देऊन टाकली.

सप्टेंबर १९७९मध्ये हॅरीला हृदयविकाराचा पहिला झटका आला. आयुष्यभर सिगारेटी ओढल्या होत्या. सावरून तो पुन्हा कामाला लागला. २१ मार्च १९८२ला हेस्टिंग्जमध्ये दुसऱ्या झटक्यात तो गेला. वय ५७. ब्रॅम्बेल तीन वर्षांनी गेला.

हॅरी गेला तेव्हा त्याची मुलगी सुझॅना शाळकरी वयाची होती. पुढे तीही अभिनेत्री झाली. फिल्म आल्यानंतर तिने वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं आणि ते २०१२मध्ये आलं. त्या जाडजूड पुस्तकात रंगूनपासूनचं सगळं आहे. स्टेप्टो त्यात यायला बराच वेळ लागतो.