आटोपशीर माहितीचे गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

आपल्या कारापूर-साखळीकडचा जुन्या वळणाचा दुकानदार दिवाळीला नवी खातेवही सुरू करतो, तेव्हा तो गेल्या वर्षीची सारी पाने उतरवून घेत बसत नाही. मागील बाकी तेवढी पुढे ओढतो आणि जुनी वही फळीवर ठेवतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना त्याला दहा वर्षांची पाने चाळावी लागत नाहीत. संगणकातील डेटाबेसचेही असेच आहे. रोजच्या वापराचा साठा लहान असला, तर तो यंत्राच्या जलद स्मृतीत मावतो आणि सॉफ्टवेअर झटपट उत्तर देते. साठा फुगला, की शोध रेंगाळतो. मात्र काय ठेवावे आणि काय बाजूला करावे, हे ठरवायचे कसे? याचा धडा गोव्याच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात सापडतो.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९१८ मध्ये वडिलांबरोबर ते अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारस, अलीगढ आणि नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले.

पुण्यास असताना त्यांनी प्राचीन नाण्यांचा अभ्यास आरंभला. चलनात फिरणारे नाणे झिजते. त्यामुळे काळ जाईल तसे नाण्यांचे सरासरी वजन घटते व त्यांच्यातील तफावत वाढते. कोसंबींनी हजारो नाणी तोलली आणि त्या आकड्यांच्या ढिगातून सरासरी व तफावत यांच्या आधारे नाण्यांचा कालक्रम लावला.

१९४३ मध्ये त्यांनी याहून व्यापक विचार मांडला. सतत बदलणाऱ्या राशीची प्रत्येक नोंद जपण्याऐवजी काही मोजके मूलभूत घटक शोधावेत. पहिल्या थोड्या घटकांतच बहुतेक सारा बदल सामावतो. कारहुनेन व लोएव्ह या गणितज्ञांनी पुढे स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले, आणि जगाने या सिद्धांताला त्या दोघांचेच नाव दिले. माहितीचा साठा आटोपशीर करण्याच्या तंत्रात तो आज सर्वत्र वापरला जातो. पण आपल्या माणसाचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोतर्फे इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी गणकयंत्रांचा अभ्यास केला. १९४८ मध्येच त्यांची भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती निघाली. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी बहुतेक ठिकाणी आढळणारे २०० श्लोक पहिल्या गटात घेतले, संशयित श्लोक दुसऱ्यात आणि सुटे तिसऱ्यात. फेकले मात्र काहीच नाही! उद्या एखाद्या अभ्यासकाला वगळलेला श्लोक पाहावासा वाटला, तर तो जागेवर सापडतो.

डेटाबेस सांभाळणाऱ्यानेही हेच करावयाचे असते. नित्याच्या नोंदी हाताशी असाव्यात, जुन्या वेगळ्या कोठारात जाव्यात, आणि पुसण्यापूर्वी प्रत्येक नोंद कोणाच्या उपयोगाची आहे हे पाहावे. घाईने पुसलेली नोंद परत येत नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात कोसंबींचे निधन झाले. विद्यार्थी मित्रहो, थोडक्यात सांगण्याचा अधिकार त्यांनी आधी सारे तपासून मिळवला होता, हे आपण विसरू नये.