माहितीला माप देणारे क्लॉड शॅनन

धान्य किलोत मोजतात, कापड मीटरमध्ये. पण माहिती कशात मोजायची? या प्रश्नाचे उत्तर देणारे गणितज्ञ क्लॉड शॅनन यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्यांचा जन्म झाला. गेलॉर्ड या छोट्या गावात ते वाढले. लहानपणी त्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेतून मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र जोडले होते. पुढे एमआयटीत व्हॅनेव्हर बुश यांच्या सांगण्यावरून त्यांनी आनुवंशिकतेला गणित लावले आणि १९४० मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळवली. तो प्रबंध मात्र कित्येक वर्षे अप्रकाशितच राहिला.

१९४८ साली बेल लॅबोरेटरीत असताना त्यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. त्याचे तत्त्व सोपे आहे. आधीच ठाऊक असलेला निरोप आला, तर नवे काही कळत नाही. जितकी अनिश्चितता दूर होते, तितकी माहिती मिळते. नाणेफेकीचा कौल कळला, की एक ‘बिट’ माहिती मिळाली.

हेच माप डीएनएला लावता येते. डीएनएची लिपी ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची. चारही अक्षरांची शक्यता सारखी धरली, तर एक अक्षर ओळखायला हो-नाहीचे दोन प्रश्न लागतात. म्हणजे दोन बिट. माणसाच्या एका जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे, म्हणजे ६०० कोटी बिट. साधारण एका सीडीएवढा मजकूर! त्यात पुनरावृत्ती बरीच असल्याने खरी माहिती याहून कमी भरते.

डीएनएची रचना उलगडण्याच्या चार वर्षे आधी, १९४९ मध्ये, शॅनन यांनी माणसाच्या आनुवंशिक माहितीचा अंदाज वहीत टिपला होता: एक लाख बिट. अंदाज फारच कमी निघाला, पण हा प्रश्न आकड्यांत मांडता येतो, हे त्यांना तेव्हाच सुचले होते. पुढे जो तो आपल्या विषयाला हा सिद्धांत लावू लागला, तेव्हा १९५६ साली त्यांनीच सबुरीचा सल्ला दिला. हे माप माहितीचे आहे, अर्थाचे नाही, हे ते जाणून होते.

फेब्रुवारी २००१ मध्ये मानवी जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्याच महिन्याच्या २४ तारखेला शॅनन गेले. अल्झायमरने त्यांची स्मृती आधीच हिरावून घेतली होती. आपल्यापैकी काही घरांत ज्येष्ठांचे असे विस्मरण आपण जवळून पाहतो. म्हणून हा शेवट आम्हाला चटका लावून जातो. मोबाइलचा डेटा मोजणाऱ्या नातवंडांना हे नाव जरूर सांगावे.