पाखरांचे आवाज जपणारा माणूस : लुडविग कॉख

चैत्रात पहाटे बेळगावच्या कॅम्पात फिरायला गेले, की झाडाच्या शेंड्यावर बसून एक काळा-पांढरा पक्षी गोड शीळ घालताना दिसतो. तो दयाळ. निपाणीकडच्या परसांतही तो येतो. त्याचा रानातला भाऊबंद म्हणजे शामा. चकचकीत काळे अंग, तांबूस पोट, लांब शेपटी आणि कमरेवर पांढरा पट्टा. खानापूरच्या पुढे भीमगडच्या दाट जंगलात त्याचे गाणे ऐकू येते. त्याचा गळा इतका गोड, की पूर्वी केवळ गाण्यासाठी लोक त्याला पिंजऱ्यात पाळत. पक्ष्याच्या आवाजाचे जगातले सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण याच जातीच्या पक्ष्याचे आहे आणि ते केले होते आठ वर्षांच्या एका जर्मन मुलाने.

लुडविग कॉख याचा जन्म १८८१ साली फ्रँकफर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. घरात संगीत होते आणि लुडविगला प्राणी-पक्ष्यांचे वेड होते. एडिसनने १८७७ मध्ये शोधलेला फोनोग्राफ तेव्हा नवलाईची वस्तू होती. वडिलांनी लाइपझिगच्या जत्रेतून तो मुलासाठी आणला. कर्ण्यात शिरलेल्या आवाजाने पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई हले आणि फिरत्या मेणाच्या नळकांड्यावर बारीक चर उमटे. १८८९ मध्ये लुडविगने घरातल्या पाळीव शामाचे गाणे असेच मेणावर उतरवले. ते आजही ऐकता येते.

मोठेपणी कॉख गायक झाले. मैफली सुरू झाल्या, पण पहिल्या महायुद्धाने ती वाट बंद केली. पुढे १९२८ मध्ये ते एका ग्रामोफोन कंपनीत रुजू झाले आणि बालपणीचा छंद पुन्हा जागा झाला. पुस्तकासोबत आवाजाच्या तबकड्या द्यायच्या, म्हणजे वाचणाऱ्याला चित्र पाहता पाहता पक्षी ऐकताही येईल, ही त्यांची कल्पना. पक्षितज्ज्ञ हाइनरोट यांच्यासोबत केलेले असे एक पुस्तक १९३५ मध्ये निघाले.

पण तोवर जर्मनीत हिटलरचे राज्य आले होते. ज्यूंना जगणे अवघड झाले. १९३६ च्या आरंभी कॉख इंग्लंडला निघून गेले. वय चोपन्न, देश परका, भाषा परकी. अशा वयात माणूस बसलेली घडी मोडायला भितो. कॉख यांना तर शून्यापासून सुरुवात करायची होती.

ते वसंताच्या तोंडावर इंग्लंडात पोचले हे एक बरे झाले. बहुतेक पक्षी विणीच्या हंगामातच मन लावून गातात. नर आपली हद्द राखण्यासाठी आणि मादीला साद घालण्यासाठी गातो. हंगाम सरला, की गळा मिटतो. म्हणजे वसंत हुकला, तर वर्ष हुकले. कॉख यांनी तो हुकू दिला नाही. आज खिशातल्या मोबाइलवर होते त्या कामाला तेव्हा गाडीभर सामान लागे. मेणाच्या जड तबकड्या, यंत्रे आणि घरट्याजवळच्या मायक्रोफोनपर्यंत ओढत न्यायची लांबच लांब वायर. रहदारी सुरू होण्याआधी, अंधारातच तयार राहायचे. वारा सुटला, दूरवर आगगाडी वाजली, की तबकडी वाया. पुन्हा नव्याने वाट पाहायची. त्याच वर्षी निकल्सन यांच्यासह त्यांचे इंग्लंडमधल्या रानपाखरांच्या गाण्यांचे पुस्तक तबकड्यांसह प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये ज्युलियन हक्सली यांच्याबरोबर प्राण्यांच्या आवाजांचे पुस्तक आले.

दुसऱ्या महायुद्धात ते बीबीसीत काम करू लागले आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. त्यांचा जर्मन हेल शेवटपर्यंत गेला नाही. नकलाकार त्यांची नक्कल करीत, पण श्रोत्यांना त्या हेलासकट ते आपलेसे वाटले. जर्मनीशी लढणाऱ्या देशाने जर्मन वळणाच्या बोलीतून आपल्याच पाखरांची ओळख करून घेतली! पुढे त्यांचा ध्वनिसंग्रह बीबीसीने विकत घेतला. १९७४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण सीमाभागातली माणसे. आपल्या मराठीतला कानडी हेल ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे अजून गालात हसतात. कॉख यांचे चरित्र वाचताना म्हणूनच परके वाटत नाही. घर सुटले तरी त्यांचा कान शाबूत राहिला आणि त्या कानानेच त्यांना दुसरे घर मिळवून दिले. ऐकण्याची ही देणगी आपल्या मातीलाही आहे. सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अभिमानाने सांगितलेलेच आहे.

आज शामाला पिंजऱ्यात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. त्याचे गाणे हवे असेल, तर रानात जाऊन ऐकावे. येत्या चैत्रात नातवंडांना घेऊन पहाटे बाहेर पडा. दयाळाचा आवाज मोबाइलवर घ्या, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. मात्र तोच आवाज पक्ष्यासमोर वाजवू नका. हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो घरटे सोडून धावतो. आपल्या आजीचा आवाज आपल्यापैकी किती जणांकडे जपलेला आहे? आठ वर्षांच्या मुलाने घेतलेले एका पाखराचे गाणे मात्र सव्वाशे वर्षांनंतरही ऐकू येते. आवाज वेळेवर जपला, तरच उरतो.